रिकाम्या ट्रॉल्यांची चाचणी

ऑफिसात त्याला सगळे तराजू म्हणत. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण पाठीमागेही फारसं हळू म्हणत नसत. विमान कंपनीत नवी विमानं निवडणारं एक खातं असतं. त्या खात्यात त्याची सतरा वर्षं गेली होती आणि सतरा वर्षांत त्याने एकच विद्या कमावली होती, विमानातून वजन काढायची. खुर्चीच्या खिशातलं जाड मासिक त्याने आधी पातळ केलं, मग काढूनच टाकलं. खुर्चीची गादी चार बोटं होती, ती दोन बोटं केली. चमचे हलके केले. त्याच्या लग्नाची पत्रिका म्हणे पातळ कागदावर छापली होती, उगाच वजन नको म्हणून. ही कॅन्टीनमधली थाप, पण ऐकणाऱ्याला ती खरी वाटायची, यातच काय ते आलं.

त्याला हसणं सोपं आहे. पण विमान घेणं म्हणजे बाजारात जाऊन भोपळा उचलणं नव्हे. ती सोयरीक असते. एकदा जमवली की वीस वर्षं निभवायची. एका कारखान्याचं विमान स्वस्त, पण इंधन पितं ढसाढसा. दुसऱ्याचं महाग, पण खाण्यापिण्यात संयमी. एकाचं दार रुंद, माणसं भराभर चढतात. दुसऱ्याचे सुटे भाग कुठेही मिळतात. त्यातून आत खुर्च्या किती, संडास किती, स्वयंपाकघर केवढं, हे पुन्हा कंपनीनेच ठरवायचं. आणि एक किलो म्हणजे तिथे एक किलो नसतो. तो दिवसातून सहा वेळा आकाशात चढवायचा आणि सहा वेळा उतरवायचा, तोही वीस वर्षं. हे सगळं तोलूनमापून साहेबांपुढे मांडायचं काम तराजूचं, आणि ते तो चोख करायचा. त्याबद्दल त्याच्या वैऱ्याचंही दुमत नव्हतं.

ताईकडे मात्र तो तराजू नव्हता. तिथे तो छोट्या होता, वय पंचेचाळीस, डोक्यावर केस निम्मे. आईवडील पाठोपाठ गेले तेव्हा तो अकरा वर्षांचा होता आणि ताई वीस. दोनेक वर्षं तिने मिळेल ते काम केलं आणि मग ती विमानात नोकरीला लागली. दारं लावायची, पट्टे बघायचे, दोनशे माणसांना खायला-प्यायला द्यायचं आणि वर हसायचं. त्या पगारावर तो शिकला. लग्न तिने केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायची, "एक पोर वाढवलंय, तेवढं पुरे झालं." कंपनीतल्या नोकरीचा अर्जही तिनेच आणून दिला आणि मुलाखतीच्या दिवशी त्याच्या शर्टाला इस्त्रीही तिनेच केली. तीस वर्षं ती उडत होती. कंपनीतल्या निम्म्या पोरी तिच्या हाताखाली शिकलेल्या, त्याही तिला ताईच म्हणत.

तर तीन वर्षांपूर्वी कंपनीने बत्तीस विमानं घ्यायचं ठरवलं, बारा आधी आणि वीस नंतर. कारखाना ठरला, भाव ठरला, आणि मग तराजूच्या डोक्यात एक कल्पना आली. विमानाच्या शेपटीकडे जे स्वयंपाकघर असतं, ज्याला गॅली म्हणतात, ते जरा आवळलं तर पुढे खुर्च्यांची एक अख्खी रांग जास्त बसत होती. सहा खुर्च्या. कारखान्याकडे तशी अरुंद गॅली तयारच होती. दर फेरीला सहा माणसं जास्त, विमान तेच, इंधन जवळजवळ तेवढंच. मोठ्या साहेबांनी कागद बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "हे आधी कुणाला का नाही सुचलं?" तराजूच्या खात्याचे प्रमुख वर्षभरात निवृत्त व्हायचे होते. त्यांची जागा कुणाला मिळणार, हे त्या दिवशी खोलीतल्या प्रत्येकाला कळलं, आणि सगळ्यांत आधी तराजूला.

एक अट होती. जे लोक गॅलीत काम करणार, त्यांच्यातल्या एका जाणत्या माणसाने ती वापरून पाहायची आणि चालेल म्हणून सही करायची. कंपनीची ही जुनी पद्धत. प्रशिक्षणाच्या हॉलमध्ये प्लायवूडची हुबेहूब गॅली उभी करायची, ट्रॉल्या आणायच्या, त्या बाहेर काढायच्या, वळवायच्या, परत आत सरकवायच्या. जाणतं माणूस कोण, हे निवडणं तराजूकडे होतं. त्याने ताईला निवडलं. "वा, घरचाच परीक्षक," असं कुणीतरी हसत म्हणालं, पण तिच्याहून जुनं कुणी नव्हतंच, त्यामुळे हरकत घ्यायला जागा उरली नाही.

चाचणी बुधवारी दुपारी झाली. संध्याकाळी सहापर्यंत गॅलीचं कारखान्याला कळवायचं होतं, नाहीतर विमानांचा नंबर आठ महिने मागे पडणार होता. ताई गणवेशातच आली, बाही वर केली आणि पहिली ट्रॉली ओढली. ओढली तशी ती एका बोटावर आली.

"छोट्या, या रिकाम्या आहेत."

"माप तेच असतं गं ताई."

"माप तेच, पण भरलेली ट्रॉली म्हणजे म्हैस असते. ढकलली तर जाते, वळवायला गेलं की अडून बसते. दोन तरी भरून आण ना."

"आता कुठून आणू? भरलेल्या ट्रॉल्या सुरक्षा तपासणीच्या पलीकडे असतात. इकडे आणायच्या तर दोन दिवस आधी पत्र द्यावं लागतं. सहाला कळवायचंय, ताई."

हे खरं होतं. फक्त ते पत्र त्याने दिलंच नव्हतं, एवढं तो बोलला नाही. ताई त्या लाकडी खोपटात थोडी आतबाहेर झाली. उगाच वळून बघितलं. मग तिने त्याच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "तुला ठीक वाटतंय का?"

"हो," तो म्हणाला, आणि तिने सही केली.

आता ऐका. कारखान्याने गॅलीबरोबर जे पुस्तक पाठवलं होतं, त्यात एकेचाळिसाव्या पानावर खाली एक ओळ होती. चाचणी भरलेल्या ट्रॉल्यांनी घ्यावी आणि उतरत्या जमिनीवर घ्यावी. कारण विमान बाहेरून कितीही सरळ दिसलं, तरी आकाशात ते नाक जरा वर करूनच उडतं. शेपटीकडून पुढे ट्रॉली नेणं म्हणजे कायमचा चढ. ही ओळ तराजूने आठवडाभर आधी वाचली होती. दोनदा वाचली होती. भरलेल्या ट्रॉल्या आल्या असत्या तर ताई नाही म्हणाली असती, हे त्याला ठाऊक होतं. दुसरी कुणी जाणती बाई बोलावली असती तर तिने रिकाम्या ट्रॉल्यांवर सही केलीच नसती, हेही ठाऊक होतं. मग उरली कोण, तर ताई. याला काय म्हणायचं ते ज्याचं त्याने ठरवावं. तो मात्र पुढे तीन वर्षं स्वतःशी त्याला घाई म्हणत राहिला.

विमानं आली. नवी कोरी, रंग चकचकीत, वास अजून कारखान्याचा. तराजू खात्याचा प्रमुख झाला, त्याला खिडकीजवळची खोली मिळाली. आणि महिन्या-दोन महिन्यांत तक्रारी सुरू झाल्या. कुणाचा खांदा, कुणाची कंबर. भरलेली ट्रॉली नव्वद किलोंची. रुंद गॅलीत तिच्या मागे उभं राहून पायांच्या जोरावर ढकलता येतं. अरुंद गॅलीत मागे उभं राहायला जागाच नाही, म्हणून बाजूला उभं राहायचं आणि कंबर पिळून ती वळवायची, एका फेरीत वीसदा. वर्षभरात एकतीस जण कंबर धरून रजेवर गेले. त्यातली एक तर चोवीस वर्षांची पोर, नोकरीला दोन वर्षंही झाली नव्हती. तिला ताईनेच शिकवलं होतं.

सही कुणाची, हे लपून थोडंच राहतं? विश्रांतीच्या खोलीतल्या फळ्यावर कुणीतरी त्या कागदाची प्रत चिकटवली. पोरी ताईशी बोलेनाशा झाल्या. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या "हो मॅडम, नाही मॅडम" करायला लागल्या. ताईने फळ्यावरचा कागद काढला नाही. तिने वेगळंच केलं. आपली ज्येष्ठ म्हणून पुढे, साहेबी प्रवाशांच्या बाजूला असणारी जागा सोडली आणि प्रत्येक फेरीला मागची गॅली मागून घेतली. "सही माझी, तर ट्रॉलीही मीच वळवीन," म्हणाली. त्रेपन्न वर्षांच्या बाईने आठ महिने हे केलं. तराजूला ते माहीत होतं. "ताई, कशाला गं," एवढंच तो म्हणाला होता, आणि एवढ्याने कोण थांबतं?

एका दुपारी, विमान वर असताना, ट्रॉली वळवता वळवता ती खाली बसली ती उठलीच नाही. उतरताना तिला मागच्या रांगेतल्या तीन खुर्च्यांवर आडवं बांधून आणलं. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, चालाल, पण परत उडायचं विसरा.

तेव्हापासून दोन महिने तराजू रोज साडेपाचला ताईकडे जात होता. दुसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर. पलंग पुढच्या खोलीत आणलेला. कमरेला रुंद पट्टा बांधून तिला उठवायचं आणि खिडकीपासून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत चालवायचं, चौदा पावलं जाताना, चौदा येताना, अशा सहा खेपा. ती त्याच्या खांद्यावर हात ठेवायची आणि सगळा भार टाकायची.

"खांदा मजबूत आहे रे तुझा," ती एकदा म्हणाली. "मला वाटलं तोही हलका करून घेतला असशील."

तो हसला. तिची थट्टा अजून शाबूत होती, याचा त्याला आनंद व्हायला हवा होता. पण चोराच्या मनात चांदणं. तिने काहीही म्हटलं, तरी त्याला आधी त्यात सुरी आहे का, हे दिसायचं. आणि सुरी कधीच नसायची. हेच वाईट होतं.

त्या सोमवारी खेपा झाल्यावर तिने उशाखालून एक कागद काढला. "हे जरा बघ. तुझं लिहिणं चांगलं आहे." रविवारी चार वाजता तिने पोरींना घरी बोलावलं होतं, रजेवर गेलेल्या सगळ्यांना. येतील त्या येतील. त्यांच्यासमोर वाचायला तिने पत्र लिहिलं होतं. त्यात होतं, मी तीस वर्षं ट्रॉली ओढली आहे. रिकाम्या ट्रॉलीवर सही करू नये, हे मला कळायला हवं होतं. चूक सर्वस्वी माझी आहे. तुमच्या दुखण्याला मी जबाबदार आहे. जमल्यास माफ करा.

"घाई माझी होती, ताई," तो कसाबसा म्हणाला.

"तुझं काम घाई करायचं. माझं काम थांबवायचं. तू काय गॅलीत उभा राहिलायस कधी? तुला काय कळणार म्हैस वळते की नाही. मला कळत होतं आणि मी गप्प बसले, कारण तुला अवघड वाटू नये. आता त्या चोवीस वर्षांच्या पोरीला मी काय सांगू? भावाला अवघड वाटत होतं म्हणून?" तिचे डोळे भरून आले. "मला झोप येत नाही रे छोट्या. दुखतं म्हणून नाही."

त्याने काय करावं? खाई त्याला खवखवे म्हणतात. खवखवत तर होतंच, पण बाहेर येत नव्हतं. त्याने खिशातलं पेन काढलं, एक चुकलेली वेलांटी नीट केली आणि कागद तिच्या हातात परत दिला. जिना उतरताना त्याला स्वतःची इतकी किळस आली की तो पहिल्या मजल्यावर कठड्याला धरून उभा राहिला. शेजारचं कुणी वर येत होतं, त्यांनी विचारलं, "ताई बऱ्या आहेत ना?" तो म्हणाला, "हो, छान."

गुरुवारी बैठक होती. उरलेल्या वीस विमानांचं पक्कं करायचं होतं आणि गॅलीचा प्रश्न अर्थातच निघणार होता. तराजूने तीन रात्रींत ठरवलं होतं, तिथे सगळं सांगायचं. नोकरी जाईल तर जाईल. बायकोला त्याने सकाळी तसं सांगितलंही. ती स्वेटरची घडी घालत होती. ती थांबली आणि म्हणाली, "सांगायचंच होतं तर तीन वर्षं काय केलंस?" तो बूट घालून निघाला.

बैठकीत एकतीस जणांच्या रजेचा कागद सगळ्यांपुढे होता. विमानातल्या कर्मचाऱ्यांचं खातं बघणारे साहेब खांदे उडवून म्हणाले, "आम्ही तर रीतसर चाचणी घेतली होती. सही त्यांच्याच ज्येष्ठ बाईंची आहे. आणि माझ्या कानावर असं आहे की बाई स्वतःच चूक कबूल करताहेत."

"चूक त्यांची नाही," तराजू म्हणाला. आपण कधी उभे राहिलो ते त्याला कळलं नाही. मग त्याने सगळं सांगितलं. ट्रॉल्या रिकाम्या होत्या, भरलेल्यांसाठीचं पत्र त्याने दिलं नव्हतं, जमीन सपाट होती, एकेचाळिसाव्या पानावरची ओळ त्याने वाचली होती. त्याने कुणाकडेच पाहिलं नाही.

मोठे साहेब चष्मा पुसत म्हणाले, "ती ओळ मीही वाचली होती. आपल्या सगळ्यांनाच ती रांग हवी होती. बसा, बसा." आणि पुढे, "पुढच्या वीस विमानांत रुंद गॅली घेतली तर काय चित्र आहे?" चित्र तराजूकडे तयारच होतं. तराजूच तो. रजा, बदली माणसं, उशिरा सुटलेली विमानं हे सगळं धरलं तर त्या रांगेचा फायदा निम्म्याच्याही खाली आला होता. वीस मिनिटांत ठरलं, पुढच्या वीस विमानांत रुंद गॅली. त्याने आधीच्या बारांचं विचारलं. त्यातली गॅली बदलायची तर प्रत्येक विमान तीन आठवडे जमिनीवर ठेवावं लागत होतं. "त्यांचं पाच वर्षांनी मोठ्या दुरुस्तीच्या वेळी बघू," साहेब म्हणाले. त्याच्या डोक्याने विचारायच्या आधीच हिशेब केला होता आणि हिशेब साहेबांच्याच बाजूने होता. निघताना साहेबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "मोकळेपणाने सांगितलंत, बरं वाटलं. चहा घेऊन जा."

सुंठीवाचून खोकला गेला म्हणावं, तर तसंही नव्हतं. तो थोबाडीत खायला गेला होता आणि त्याला चहा मिळाला होता. चार मजले उतरेपर्यंत त्याला फार हलकं वाटलं. खाली दारापाशी पोचला तेव्हा ते गेलं होतं.

संध्याकाळी ताईकडे गेल्यावर त्याने आधी चांगली बातमी सांगितली. माणूस असाच असतो. पुढच्या वीस विमानांत रुंद गॅली येणार म्हटल्यावर तिने दोन्ही हात चेहऱ्यावर धरले. "ऐकलं म्हणायचं कुणीतरी," ती म्हणाली. मग, "आणि आपली बारा?"

"पाच वर्षांनी."

"हं." मग पट्टा घ्यायला हात पुढे केला. त्याने पट्टा दिला नाही. तो पलंगासमोरच्या खुर्चीवर बसला.

"ताई, त्या चाचणीचं अजून एक आहे. भरलेल्या ट्रॉल्यांवर चाचणी घ्या, असं कारखान्याने लिहून दिलं होतं. मी वाचलं होतं ते."

तिला आधी कळलं नाही. "नंतर वाचलंस?"

"आधी. आठवडाभर आधी."

"मग मी मागितल्या तेव्हा..."

"मी पत्रच दिलं नव्हतं. मुद्दाम. भरलेल्या आल्या असत्या तर तू नाही म्हणाली असतीस."

ताई त्याच्याकडे बघत राहिली. "मग मला कशाला बोलावलंस?" तिने विचारलं. "दुसरी कुणी बोलवायची होती."

"दुसरीने सही केली नसती."

हे बोलल्यावर त्याला वाटलं, ती रडेल, नाहीतर शिव्या देईल. दोन्ही त्याला चाललं असतं. ती म्हणाली, "माझ्या भावाचा माझ्या कामावर भरवसा आहे म्हणून त्याने मला निवडलं, असं मी सगळ्यांना सांगत होते." मग तिने स्वतःच वाकून, दात आवळून, पट्टा उचलला आणि कमरेला बांधायला लागली. तो पटकन उठून खांदा पुढे करायला गेला.

"हात लावू नकोस."

"ताई, पडशील."

"पडले तर पडले. लांब उभा राहा."

एरवी जे मिनिटभरात व्हायचं, त्याला बराच वेळ लागला. पलंगाची कड धरून ती उभी राहिली, मग खिडकीची चौकट, मग भिंत. एक पाऊल, थांबायचं, श्वास, दुसरं पाऊल. चौदा पावलं ती त्याच्याकडे न बघता गेली आणि चौदा पावलं न बघता परत आली. तो हात लांब करून, न लावता, नुसता मागेपुढे होत राहिला. कपाळावरून घाम ओघळत होता, तिच्याही आणि त्याच्याही. पलंगावर टेकल्यावर तिने उशाखालचं पत्र काढलं, दोन तुकडे केले आणि त्याच्या हातात दिले.

"रविवारी चारला ये. मी काही वाचणार नाही. तू बोल."

"साहेबांसमोर बोललोय मी सगळं, ताई."

"साहेबांची कंबर शाबूत आहे," ती म्हणाली. "आता जा."

रविवारी तो पावणेचारला पोचला. ताईने दार उघडं ठेवलं होतं आणि पलंगावर भिंतीला टेकून बसली होती. तिने त्याला ये म्हटलं नाही, बस म्हटलं नाही. पोरी एकेक करून आल्या, अकरा जणी. घरात खुर्च्या तीन. काही जणी जमिनीवर बसल्या, पण चौघींना खाली बसणं जमत नव्हतं, त्या भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या. त्यांत ती चोवीस वर्षांची पोरही होती. ताईकडे कुणी नीट बघत नव्हतं. ताई म्हणाली, "हा माझा भाऊ. गॅली यानेच ठरवली. याला तुम्हाला काही सांगायचंय."

गुरुवारी बोलला तेच तो परत बोलला, पण गुरुवारी जीभ कशी सरळ चालली होती, तशी आज चालेना. तिथे ओळ, पान, सही असे शब्द होते. इथे समोर माणसं उभी होती आणि त्यातली एक सारखी पायावरचा भार बदलत होती. तरी त्याने काही गाळलं नाही. पत्र दिलं नाही, तेही सांगितलं. ताईला का निवडलं, तेही सांगितलं. मोठी जागा मला हवी होती, हे तो साहेबांपुढे बोलला नव्हता, तेही इथे बोलला. "तिने भरलेल्या ट्रॉल्या मागितल्या होत्या," तो म्हणाला. "मी तिला फसवलं. ती आठ महिने तुमच्या वाटच्या ट्रॉल्या वळवत होती, आणि मला माहीत होतं." एक पोरगी उठली आणि पलंगावर ताईशेजारी जाऊन बसली. ताईने तिचा हात धरला. मग दुसरी गेली. तराजू खोलीच्या मधोमध एकटाच उभा होता.

त्याला वाटलं, झालं. तेवढ्यात ती चोवीस वर्षांची पोर म्हणाली, "एक विचारू? ती जी जास्तीची रांग आहे, ती भरते का?"

तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. कंपनीत या प्रश्नाचं अचूक उत्तर माहीत असलेला माणूस एकच होता. भरते कधीकधी, असं म्हणून भागलं असतं. त्याने ताईकडे पाहिलं. ती त्याच्याकडेच बघत होती, त्या गुरुवारनंतर पहिल्यांदा.

"नाही भरत," तो म्हणाला. "सहापैकी दोन भरतात. सरासरी."

"दोन," ती म्हणाली. तिने मान डोलावली, कमरेवर हात ठेवला आणि भिंतीला टेकून तशीच उभी राहिली.